कॅन्सर रिसर्च लॅबमधली एक-दोन वर्षं : मेडिकल किंवा पीएचडीच्या आधी पडणारे प्रश्न

अमेरिकेत मेडिकलला प्रवेश मिळतो तो चार वर्षांची पदवी झाल्यावर. बारावी झाली की एमबीबीएस, हा क्रम डोक्यात पक्का बसलेल्या आईवडिलांना मुलगी पदवी घेऊन ‘आता दोन वर्षं लॅबमध्ये काम करणार’ म्हणाली की धस्स होतं. मुलांचे प्रश्न वेगळे असतात, पालकांचे वेगळे. इथे दोन्ही घेतले आहेत. मी कॅन्सर बायॉलॉजीच्या लॅबमध्ये अशाच नव्या मुलामुलींना कामाला लावते, त्यामुळे उत्तरं लॅबच्या बाजूला थोडी झुकलेली वाटली तर आश्चर्य नाही.

यात वर्ष वाया जात नाही का?

नाही. अमेरिकेत मेडिकलला प्रवेश घेणाऱ्यांपैकी निम्म्याहून अधिक मुलं पदवीनंतर किमान एक वर्ष थांबलेली असतात. पहिल्या वर्षाच्या वर्गात चोवीस-पंचवीस वर्षांचे विद्यार्थी सर्रास दिसतात. थांबण्यात कमीपणा नाही. थांबून काय केलं, हे मात्र विचारलं जातं. पीएचडीच्या बाबतीत तर पदवीनंतर पूर्णवेळ लॅबमध्ये काम केलेला उमेदवार निवड समितीला जास्त भरवशाचा वाटतो. पाच-सहा वर्षं हे काम करणं म्हणजे काय, हे त्याला ठाऊक असतं.

एक वर्ष पुरे की दोन?

इथे कॅलेंडर नीट बघा. बहुतेक जण ते बघत नाहीत.

मेडिकलचा सामायिक अर्ज मेच्या अखेरीस किंवा जूनच्या सुरुवातीला भरता येतो आणि लवकर भरणंच हिताचं असतं. प्रवेश मात्र पुढच्या वर्षीच्या ऑगस्टचा. म्हणजे मे महिन्यात पदवी घेतली, जूनमध्ये लॅबमध्ये रुजू झालात आणि त्याच जूनमध्ये अर्ज केलात, तर अर्ज जाईल तेव्हा तुम्ही पिपेट धरायला शिकत असाल. अर्जात लॅबचं काम ‘पुढे करणार आहे’ एवढंच लिहिता येतं. त्याचा उपयोग होतो तो मुलाखतीत आणि मधे पाठवायच्या अपडेट पत्रांत. लॅबचा अनुभव अर्जातच ठळकपणे दिसायला हवा असेल तर दोन वर्षं लागतात : पहिलं वर्ष काम, दुसऱ्या उन्हाळ्यात अर्ज, दुसरं वर्ष काम आणि मुलाखती.

पीएचडीचे अर्ज साधारण डिसेंबरमध्ये असतात, मुलाखती जानेवारी ते मार्च. त्यामुळे जूनमध्ये लागलेल्याच्या हाताशी अर्जापूर्वी सहा महिने असतात. तेही थोडेच, पण सांगण्यासारखं काहीतरी जमलेलं असतं.

लॅबचाही दोन वर्षांचा आग्रह असतो आणि तो रास्त आहे. पहिले चार-सहा महिने तुम्ही लॅबकडून घेता, लॅबला देत फारसं नाही. त्यानंतर कुठे तुमच्या हातून भरवशाचा डेटा निघू लागतो. वर्षभरात निघून जाणार असाल तर मुलाखतीतच सांगा. लपवून लागलात तर पुढे शिफारसपत्र मागताना अवघड होऊन बसतं.

दिवसभर नेमकं करायचं काय असतं?

कॅन्सरवर काम म्हटलं की लोकांच्या डोळ्यांसमोर सूक्ष्मदर्शकात डोकावणारा माणूस येतो. प्रत्यक्षात सुरुवातीचा बराच वेळ पेशी जिवंत ठेवण्यात जातो. सेल लाइन्स, म्हणजे लॅबमध्ये सतत वाढवत ठेवलेल्या पेशी, ३७ अंश सेल्सियस आणि ५ टक्के कार्बन डायऑक्साइडच्या इनक्युबेटरमध्ये वाढतात. मीडियात, म्हणजे पेशींच्या पोषक द्रवात, बहुधा १० टक्के सीरम असतं आणि एक तांबडा रंग असतो. आम्लता वाढली की तो पिवळा पडतो. प्लेट पिवळी दिसली की समजायचं, पेशींना उपाशी ठेवलंय. प्लेट भरत आली की ट्रिप्सिन हे विकर घालून चिकटलेल्या पेशी सोडवायच्या, मोजायच्या, नव्या प्लेटमध्ये घालायच्या. पेशींना रविवार कळत नाही, त्यामुळे शनिवार-रविवारीही तासाभरासाठी चक्कर होते.

मग खरे प्रयोग. एखादं जनुक बंद केलं की पेशी औषधाला जास्त बळी पडतात का? यासाठी औषधाच्या वाढत्या मात्रा लावून किती पेशी उरल्या ते मोजायचं. प्रथिन खरंच कमी झालं का, हे बघायला वेस्टर्न ब्लॉट ही चाचणी. त्यात दोन दिवस सहज जातात. पीसीआर, क्लोनिंग, फ्लो सायटोमेट्री ही तंत्रं ज्या त्या लॅबप्रमाणे. शिवाय सगळ्यांच्या वाट्याला येणारी कामं : बफर (प्रयोगांत लागणारी द्रावणं) बनवणं, ऑर्डरी देणं, लिक्विड नायट्रोजनच्या टाकीतल्या डब्यांची यादी ठेवणं, फ्रीजर साफ करणं. ही खालच्या दर्जाची कामं समजू नका. कुठली अँटिबॉडी (ठरावीक प्रथिन ओळखून दाखवणारा रेणू) कुठे आहे, कुठली चालते आणि कुठली नुसती महाग आहे, हे ज्याला माहीत असतं त्याच्याकडे सहा महिन्यांत अख्खी लॅब विचारायला येते.

आठवड्यातून एकदा लॅब मीटिंग असते, कधी जर्नल क्लब, म्हणजे एखादा शोधनिबंध वाचून त्यावर चर्चा. नवी मुलं पहिले दोन महिने तिथे गप्प बसतात. बसू द्यावं. तिसऱ्या महिन्यात मात्र एखादा प्रश्न विचारायला हवा, चुकीचा असला तरी.

कॅन्सरच्या पेशी हाताळून आपल्याला कॅन्सर होईल का?

हा प्रश्न आई-बाबा फोनवर दबक्या आवाजात विचारतात, आणि तो विचारण्यासारखाच आहे. दुसऱ्या माणसाच्या पेशी तुमच्या शरीरात गेल्याच तर तुमची प्रतिकारशक्ती त्यांना परकं ओळखून मारून टाकते. सुई टोचून त्या जागी गाठ आल्याच्या अगदी मोजक्या घटना वैद्यकीय साहित्यात नोंदल्या आहेत, म्हणून सुया सांभाळायच्याच. श्वासातून किंवा प्लेटला हात लागून कॅन्सर होत नाही.

खरी काळजी घ्यायची ती इतर गोष्टींची. मानवी पेशी आणि ऊतींमध्ये विषाणू असू शकतात, म्हणून हे काम बायोसेफ्टी लेव्हल २ च्या नियमांनी, हूडमध्ये (हवा गाळणाऱ्या बंदिस्त कपाटात) आणि हातमोजे घालून होतं. मानवी रक्त-ऊतींशी संबंध येणाऱ्या कर्मचाऱ्याला हिपॅटायटिस बीची लस मोफत देऊ करणं अमेरिकेत कायद्यानेच मालकावर बंधनकारक आहे, ती घ्या. फॉर्मल्डिहाइडचे धूर, उणे १९६ अंशांचा लिक्विड नायट्रोजन, आणि ज्यांवर संशोधन चालतं ती केमोथेरपीची औषधं, ही पेशींपेक्षा धोकादायक. प्रशिक्षणाच्या कंटाळवाण्या व्हिडिओत हेच सांगितलेलं असतं. तो दुप्पट वेगाने पळवू नका.

मला उंदीर मारायला लागतील का?

लागू शकतील. विचारून घ्या, मुलाखतीतच. कॅन्सरच्या अनेक लॅबमध्ये ट्यूमर उंदरांत वाढवून औषध तपासतात आणि प्रयोगाच्या शेवटी उंदीर मारून ट्यूमर काढावा लागतो. प्रत्येक प्रयोगाला संस्थेच्या प्राणी समितीची आधी मंजुरी लागते, संख्या ठरवून द्यावी लागते आणि ट्यूमर अमुक आकाराचा झाला की थांबायचं हे लिहून द्यावं लागतं. रसेल आणि बर्च यांनी १९५९ मध्ये मांडलेली तीन सूत्रं अजून पायाभूत मानली जातात : प्राण्याला पर्याय शोधा, संख्या कमी ठेवा, त्रास कमी करा.

हे जमत नसेल तर तसं स्पष्ट सांगण्यात काही वावगं नाही. नुसत्या सेल लाइन्सवर किंवा संगणकावर चालणाऱ्या लॅब भरपूर आहेत. जमेल म्हणून लागायचं आणि सहाव्या महिन्यात हात थरथरायला लागले म्हणून सोडायचं, यात तुमचंही नुकसान, उंदरांचंही. आणखी एक गोष्ट, उंदरांचं काम मंद असतं. गर्भारपण सुमारे वीस दिवसांचं, मग तीन आठवड्यांनी पिल्लं आईपासून वेगळी करायची, त्यांची वाढ पूर्ण व्हायला आणखी काही आठवडे. हवा तो जनुकीय मेळ मिळेपर्यंत दोन-तीन पिढ्या जातात. वर्षभरासाठी येणाऱ्याने उंदरांचा स्वतंत्र प्रकल्प घेऊ नये, असं माझं मत.

नावाजलेली मोठी लॅब घ्यावी की छोटी?

सगळ्यात जास्त वेळा विचारला जाणारा प्रश्न. तो थोडा चुकीच्या टोकाने विचारला जातो. संस्थेचं नाव किंवा पीआयचं, म्हणजे लॅबप्रमुखाचं, नाव याला किंमत आहेच. डाना-फार्बर, एमडी अँडरसन, मेमोरियल स्लोन केटरिंग, फ्रेड हच ही नावं अर्जावर दिसली की वाचणारा क्षणभर थांबतो. पण तुमचं वर्ष चांगलं जाणार की वाईट, हे ठरवतो तो माणूस वेगळाच : ज्याच्या शेजारच्या बेंचवर तुम्ही बसाल तो पोस्टडॉक (पीएचडी झालेला संशोधक) किंवा पीएचडीचा विद्यार्थी. पीआय मोठा असला तर तो विमानात, अनुदानाच्या अर्जात किंवा ओपीडीत असतो. पिपेट कसं धरायचं, कंट्रोल (तुलनेसाठीचा नमुना) का लावायचा, प्रयोग फसल्यावर कुठून शोध सुरू करायचा, हे शिकवणार तो पोस्टडॉक. म्हणून मुलाखतीला गेलात की ‘मी कोणाबरोबर काम करणार’ हे विचारा आणि त्या व्यक्तीशी पीआय नसताना वीस मिनिटं बोला. ती स्वतःच सहा महिन्यांत नोकरी शोधून जाणार असेल, तर ते तेव्हाच कळलेलं बरं.

आधीचे टेक्निशियन पुढे कुठे गेले, हेही विचारा. दोन-तीन जण मेडिकलला, पीएचडीला गेले असतील तर तिथे मुलांना वाढवण्याची सवय आहे असं समजा. कोणालाच आठवत नसेल, किंवा उत्तर देताना दोघांची नजर एकमेकांकडे गेली, तर तुम्हीही समजून घ्या.

तिसरी गोष्ट पैशाची. अमेरिकन राष्ट्रीय आरोग्य संस्थेने, म्हणजे एनआयएचने, कोणाला कोणतं अनुदान दिलं आहे हे त्यांच्या ‘रिपोर्टर’ नावाच्या संकेतस्थळावर सगळ्यांना बघता येतं. पीआयचं नाव टाकायचं, अनुदान कधी संपतंय ते बघायचं. एकुलतं एक अनुदान आठ महिन्यांत संपणार असेल तर तुमच्या दुसऱ्या वर्षाच्या पगाराचं काय, हा प्रश्न सभ्य शब्दांत विचारायला हरकत नाही. २०२५ मध्ये अनुदानं अर्ध्यावर रद्द होण्याचे प्रकार घडल्यापासून तर हे बघणं आणखी गरजेचं झालं आहे.

मग मोठी की छोटी? छोट्या लॅबमध्ये लवकर जबाबदारी मिळते आणि पीआय तुम्हाला नावाने ओळखतो. मोठ्या लॅबमध्ये यंत्रं असतात, लोक असतात, पण दहाव्या माणसाच्या प्रकल्पाचा एक तुकडा हाती येण्याचा संभव जास्त. मला निवडायला सांगितलं तर सात-आठ जणांची, नुकतीच स्थिरावलेली लॅब घेईन.

जागा शोधायच्या कशा? ईमेल किती लांब असावा?

मोठी रुग्णालयं आणि विद्यापीठं आपापल्या संकेतस्थळावर ‘रिसर्च टेक्निशियन’, ‘रिसर्च असिस्टंट’ अशा नावांनी जागा टाकतात. अमेरिकेत राष्ट्रीय कॅन्सर संस्थेची मान्यता असलेली सत्तरहून अधिक केंद्रं आहेत, त्यांच्यापासून सुरुवात करता येईल. एनआयएचचा स्वतःचाही पदवीनंतरच्या मुलांसाठीचा प्रशिक्षण कार्यक्रम आहे. तो अमेरिकन नागरिक आणि कायमस्वरूपी रहिवाशांसाठी आहे, आणि अर्ज करण्याआधी भरती सुरू आहे ना हे बघून घ्या.

जाहिरात नसली तरी थेट पीआयला लिहिता येतं. सात-आठ ओळी पुष्कळ. पहिल्या ओळीत कोण, कधीपासून, किती काळासाठी. मग त्यांच्या अलीकडच्या एका पेपरमधली एक गोष्ट, जी तुम्हाला खरंच कळली आहे. मग हाताला काय येतं. सोबत बायोडेटा. ‘लहानपणापासून मला विज्ञानाची आवड’ हे वाक्य काढून टाका. घरात कोणाला कॅन्सर झाला होता म्हणून या क्षेत्रात यायचंय, असं बरेच जण लिहितात. ते खरं असतं आणि त्यात लाजण्यासारखं काही नाही, पण एका ओळीच्या वर नको. ईमेल वाचणाऱ्याला तुमच्याबरोबर रोज काम करता येईल का हे बघायचं असतं.

उत्तर आलं नाही तर दहा दिवसांनी एकदा आठवण करा. त्यानंतर सोडून द्या.

पगार मिळतो का?

पूर्णवेळ काम असेल तर मिळायलाच हवा, आरोग्य विम्यासकट. बॉस्टन किंवा न्यू यॉर्कसारख्या शहरात त्यात शिल्लक पडत नाही, हेही ध्यानात ठेवा. ‘अनुभव मिळेल’ म्हणून वर्षभर पूर्णवेळ फुकट राबवणाऱ्या लॅबकडे जाऊ नका.

मला कोडिंग येतं, बेंचवरचं काम नको. चालेल?

चालेल, उत्तम चालेल. कॅन्सर संशोधनात डेटाचा ढीग पडलाय. ‘द कॅन्सर जीनोम ॲटलास’ या २००६ मध्ये सुरू झालेल्या प्रकल्पात ३३ प्रकारच्या कॅन्सरचे आणि त्यांच्या सोबतच्या निरोगी ऊतींचे मिळून वीस हजारांहून अधिक नमुने तपासले गेले, आणि त्यातला बराच डेटा कोणालाही वापरता येतो. आर किंवा पायथन ही प्रोग्रामिंगची भाषा, थोडं संख्याशास्त्र आणि चिकाटी एवढं भांडवल पुरतं. फक्त, आलेख मांडण्याआधी तो नमुना कसा घेतला होता हे बेंचवरच्या माणसाला विचारायची सवय लावा. संगणकावर सुंदर दिसणारा फरक कधीकधी एवढाच निघतो की एका गटाचे नमुने मंगळवारी तपासले होते आणि दुसऱ्याचे महिनाभराने.

लॅबमधलं काम रुग्णसेवेचा अनुभव म्हणून धरतात का?

नाही. मेडिकलची समिती दोन्ही वेगवेगळं बघते. दोन वर्षं पेशींबरोबर काढली आणि रुग्णाशी कधी बोललाच नाहीत, तर ‘मग पीएचडी का नको?’ हा प्रश्न येणार. आठवड्यातून एक संध्याकाळ हॉस्पिसमध्ये (शेवटच्या टप्प्यातल्या रुग्णांची शुश्रूषा होते तिथे) किंवा मोफत दवाखान्यात स्वयंसेवक म्हणून जा. ज्यांना दोन्ही एकत्र हवं त्यांनी क्लिनिकल रिसर्च कोऑर्डिनेटरची नोकरी बघावी. तिथे औषध-चाचणीत भाग घेणाऱ्या रुग्णांच्या भेटी ठरवणं, संमतीपत्र समजावताना मदत करणं, नोंदी ठेवणं हे काम असतं. त्यात पिपेट नाही, पण स्वतःवर नव्या औषधाची चाचणी करून घ्यायला माणूस का तयार होतो, हे तिथे समोर बसून ऐकायला मिळतं.

प्रयोग सारखे फसतायत. मी या कामाला नालायक आहे का?

बहुधा नाही. प्रयोग फसणं हाच नेहमीचा दिवस असतो. चालला तो अपवाद, आणि चालल्यावरही तो तीनदा पुन्हा चालवून दाखवावा लागतो. कॉलेजच्या प्रॅक्टिकलमध्ये उत्तर आधीच माहीत असतं, इथे ते कोणालाच माहीत नसतं. शाळेपासून पहिल्या नंबरावर राहिलेल्या मुलांना हे फार जड जातं. तीन-चार महिन्यांत त्यांचा चेहरा उतरतो.

तेव्हा करायचं काय? आधी कंट्रोल बघा. ज्यात परिणाम दिसायलाच हवा तो पॉझिटिव्ह कंट्रोल चालला का? तोही फसला असेल तर दोष तुमच्या कल्पनेचा नाही, रसायनाचा किंवा हाताचा आहे. एका वेळी एकच गोष्ट बदला. घाईत तीन बदलल्या आणि प्रयोग चालला, तर कशामुळे चालला हे कळत नाही.

मग पेशींचा संशय घ्या. मायकोप्लाझ्मा नावाचे जिवाणू पेशींच्या प्लेटमध्ये शिरून महिनोन्महिने राहतात. साध्या सूक्ष्मदर्शकात दिसत नाहीत, मीडिया गढूळ करत नाहीत, आणि त्यांना पेशीभित्तिकाच नसल्यामुळे पेनिसिलिनचा त्यांच्यावर काही असर होत नाही. तपासणी वेगळी करावी लागते. आणि हातातल्या पेशी ज्या म्हणून दिल्या त्याच आहेत का? एमडीए-एमबी-४३५ ही सेल लाइन कित्येक वर्षं स्तनाच्या कॅन्सरची म्हणून वापरली गेली. पुढे जनुकीय तपासणीत ती एम१४ या मेलेनोमाच्या, म्हणजे त्वचेच्या कॅन्सरच्या, लाइनशी जुळली. तोवर तिच्यावर ढीगभर पेपर निघून गेले होते. १९५१ मध्ये बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्समध्ये हेन्रिएटा लॅक्स या रुग्णाच्या ट्यूमरपासून, तिची संमती न घेता, वाढवलेल्या हेला पेशी तर इतक्या जोमदार की जगभरातल्या अनेक लॅबमध्ये त्यांनी दुसऱ्या पेशींच्या प्लेट बळकावल्या, आणि वरचं लेबल तसंच राहिलं. आता बरीच जर्नलं पेशींची डीएनए ओळख मागतात.

हे सगळं तपासायचं तर वहीत नोंद हवी. तारीख, कोणत्या बाटलीतला मीडिया, अँटिबॉडीचा लॉट नंबर, पेशींचं पॅसेज किती झालं (म्हणजे त्या किती वेळा नव्या प्लेटमध्ये घातल्या), आणि जे ठरलेल्या पद्धतीपेक्षा वेगळं झालं ते सगळं, जेवायला गेलात म्हणून दहा मिनिटं जास्त झाली तेसुद्धा. कॅन्सर बायॉलॉजीतले नावाजलेले प्रयोग पुन्हा करून बघण्याचा एक मोठा प्रकल्प २०१३ ते २०२१ असा चालला. ५३ पेपरांतले १९३ प्रयोग पुन्हा करायचं ठरलं होतं, प्रत्यक्षात २३ पेपरांतले ५० करता आले. मूळ लेखकांना न विचारता निव्वळ पेपर वाचून मांडता येईल असा १९३ पैकी एकही नव्हता. जे करता आले त्यांतला परिणाम मूळ आकड्यांपेक्षा सहसा खूपच लहान निघाला. नव्या मुलांना मी हे घाबरवायला सांगत नाही. वहीत काय लिहायचं यावरून कुरकुर सुरू झाली की सांगते.

एवढं सगळं करूनही सकाळी लॅबमध्ये जायचा कंटाळाच येत असेल, आणि तो कंटाळा एखाद्या माणसामुळे नसून खरोखर कामामुळे असेल, तर तीही एक मिळालेली माहितीच आहे. पीएचडीच्या तिसऱ्या वर्षी हे कळण्यापेक्षा आत्ता कळलेलं कितीतरी स्वस्त पडतं.

माझ्या कामाचा रुग्णाला कधी उपयोग होईल का?

तुम्ही लॅब सोडण्याआधी नाही. क्रॉनिक मायलॉइड ल्युकेमियाचं उदाहरण सगळीकडे देतात, कारण ते सगळ्यात चांगलं जमलेलं आहे. १९६० मध्ये फिलाडेल्फियात पीटर नोवेल आणि डेव्हिड हंगरफर्ड यांना या रुग्णांच्या पेशींत एक विचित्र लहान गुणसूत्र दिसलं. १९७३ मध्ये जॅनेट राउली यांनी दाखवलं की नवव्या आणि बाविसाव्या गुणसूत्रांचे तुकडे आपसांत बदलले गेलेत. त्या जोडातून बनणारं प्रथिनच रोग चालवतं हे पुढे कळलं, आणि त्या प्रथिनाला रोखणाऱ्या इमॅटिनिबला २००१ मध्ये अमेरिकेत मान्यता मिळाली. एकेचाळीस वर्षं, आणि हे यशस्वी झालेलं. मधल्या काळात गुणसूत्रं रंगवणाऱ्या, प्लेट मोजणाऱ्या माणसांची नावं कोणाला माहीत नाहीत. हे वाचून हिरमोड होतो की बरं वाटतं, ते स्वतःशी तपासून बघा. मेडिकल की पीएचडी या प्रश्नाचं थोडं उत्तर त्यात मिळतं.

आणि दोन्ही हवं असेल तर? एमडी-पीएचडी?

साधारण आठ वर्षं. सरकारी पाठबळ असलेल्या कार्यक्रमांत फी माफ असते आणि विद्यावेतनही मिळतं. पण ‘मेडिकल फुकट होतं’ म्हणून हा रस्ता धरू नका. मुलाखत घेणारे तुमच्या प्रकल्पाचा कीस काढतात आणि हेतू त्यांना पाच मिनिटांत कळतो. ज्याला रुग्ण बघताना पडलेला प्रश्न लॅबमध्ये नेल्याशिवाय चैन पडत नाही, त्याच्यासाठी हा मार्ग. नुसती पीएचडी जीवशास्त्रात सहसा पाच-सहा वर्षांची असते, फी भरावी लागत नाही, विद्यावेतन मिळतं. बऱ्याच कार्यक्रमांनी आता जीआरई ही प्रवेश परीक्षाही काढून टाकली आहे.

नोकरी करता करता एमकॅट (मेडिकलची प्रवेश परीक्षा) जमतं का?

जमतं, पण लॅबमध्ये लागल्यावरचे पहिले तीन महिने नको. शक्यतो रुजू होण्याआधी देऊन टाका. गुण बहुतेक कॉलेजांत दोन-तीन वर्षं चालतात, तेव्हा दोन वर्षांचा बेत असेल तर तारखांचं गणित आधी मांडा.

शिफारसपत्र कोणाकडून घ्यायचं?

सही पीआयची हवी. मजकूर मात्र ज्याने तुम्हाला रोज पाहिलं त्याच्या माहितीवरून आलेला असला तरच पत्रात जीव असतो. म्हणून पत्र मागताना पीआयला एक पान द्या : कोणते प्रयोग केले, कुठे अडलात, त्यातून कसं निघालात, लॅब मीटिंगमध्ये काय सादर केलं. ‘मेहनती आणि हुशार’ असं प्रत्येकाच्या पत्रात असतं. ‘तिने आमच्या दोन वर्षं जुन्या डेटातली विसंगती शोधली’ असं एखाद्याच्याच. आणि ‘तुम्ही माझ्यासाठी भक्कम पत्र लिहू शकाल का?’ असंच विचारा. उत्तर द्यायला वेळ लागला तर दुसरा माणूस शोधा.

मी एफ-१ या विद्यार्थी व्हिसावर आहे. माझ्यासाठी यातलं काय लागू होतं?

अमेरिकेत पदवी घेतली असेल तर ओपीटीवर, म्हणजे पदवीनंतर काम करायच्या परवानगीवर, बारा महिने काम करता येतं, आणि विज्ञान शाखेची पदवी असेल तर आणखी चोवीस महिन्यांची मुदतवाढ मागता येते. बहुतेक लॅब या मुदतीतच घेतात. पीएचडीचे बरेच कार्यक्रम परदेशी विद्यार्थ्यांना पूर्ण पैसे देऊन घेतात. मेडिकलचं चित्र वेगळं आहे : अनेक कॉलेजं परदेशी विद्यार्थ्यांचे अर्जच घेत नाहीत, जी घेतात त्यांपैकी काही फी आधीच भरून ठेवायला लावतात. कॉलेजांची यादी करताना पहिली चाळणी हीच लावा, नाहीतर अर्जाच्या फीचे पैसे पाण्यात जातात.

पेपरवर नाव येईल का? आणि मी निघून गेल्यावर पेपर आला तर?

दोन वर्षांत पहिला लेखक, म्हणजे मुख्य काम ज्याचं तो, होणं जवळपास अशक्य. मधल्या लेखकांत नाव येणं शक्य, पण त्याची हमी कोणी देत असेल तर जरा सावध. वैद्यकीय जर्नलांच्या संपादकांच्या आंतरराष्ट्रीय समितीचे निकष बघितले तर लेखक व्हायला कामात भरीव वाटा, मसुद्यात सहभाग, अंतिम मजकुराला संमती आणि कामाची जबाबदारी, हे चारही लागतं. नुसत्या बफर बनवण्याचे आभार मानले जातात, लेखकपद मिळत नाही.

निघून गेल्यावर वर्ष-दोन वर्षांनी पेपर येणं नेहमीचं आहे. तेव्हा कोणाच्या डेटाने कुठली आकृती भरली, हे विसरलं जातं. त्यामुळे निघण्याआधीच पीआयशी बसून बोला : कोणत्या पेपरात माझा डेटा जाईल, लेखकांच्या यादीचं काय ठरलं आहे. बोलणं झाल्यावर त्याच दिवशी एक छोटा ईमेल लिहून ते नोंदवून ठेवा, कुरापत म्हणून नव्हे, सगळ्यांना आठवावं म्हणून. मूळ फाइल्स, न कापलेल्या ब्लॉटच्या प्रतिमांसकट, लॅबच्या सर्व्हरवर तारीखवार लावा, कारण पेपर तपासणारे दोन वर्षांनी त्याच मागतील. गोठवलेल्या पेशींच्या कुप्यांवर नाव, पॅसेज आणि तारीख आहे ना ते बघा. वही लॅबची असते, ती तिथेच राहते. आणि विद्यापीठाचा ईमेल बंद होण्याआधी स्वतःचा कायमचा पत्ता पीआयला आणि त्या पोस्टडॉकला देऊन ठेवा. अंतिम मजकुराला संमती मागणारं पत्र जुन्या पत्त्यावर पडून राहिल्यामुळे पेपर अडकल्याचं मी एकाहून अधिक वेळा पाहिलं आहे.